डन्मोर्स बेंडची श्वान-कसोटी

माणूस कुठे राहतो हे त्याला स्वतःला पक्के ठाऊक असते, पण पुरावा म्हणून त्याचे म्हणणे धरता येत नाही. मुलांनो, या वाक्याचे वजन कळायला जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. शाळा सुटली आहे, पाठीवर दप्तर आहे, पोटात कावळे ओरडताहेत आणि तुम्ही आपल्याच घरासमोर उभे आहात. दाराशी तीन मोठी माणसे खुर्च्या टाकून बसली आहेत. ती विचारतात, "तू इथेच राहतोस कशावरून?" तुम्ही म्हणाल, आई आत आहे, तिला विचारा. पण आई पडली नातेवाईक, तिची साक्ष चालत नाही. तुम्ही म्हणाल, कपाटात माझे कपडे आहेत. कपडे काय, कुणाचेही कुठेही असू शकतात. आता सांगा, आत कसे जाल?

डोळे उघडा. अशी समिती कुठे असेल असे तुम्हाला वाटत नसेल, तर तुम्ही अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या डन्मोर्स बेंडमध्ये कधी राहिलेला नाहीत.

आमचे गाव तीन हजार वस्तीचे आहे आणि शाळेच्या मैदानावर चार हजार माणसे बसायची सोय आहे. (वरची एक हजार माणसे कुठून येतात, हे समितीने अजून तपासलेले नाही.) शुक्रवारी संध्याकाळी गावातली दुकाने बंद असतात, चोरांनाही त्या वेळी सामनाच बघायचा असल्याने कुलपे लावावी लागत नाहीत. आमचा फुटबॉल मुख्यतः हातांनी खेळतात. आडदांड मुले लोखंडी टोप घालून एकमेकांवर आदळतात, आणि पायाने चेंडू मारायचे काम संपूर्ण संघात एकाच खेळाडूकडे असते. त्याला किकर म्हणतात आणि तो खेळाडू आहे की नाही, याबद्दल गावात दोन मते आहेत.

शाळेच्या हद्दीत राहणाऱ्या मुलांनीच शाळेकडून खेळावे, असा नियम आहे. नियम उत्तम आहे. एखाद्या गावाने दुसऱ्या गावची दणकट पोरे पळवली तर खेळ कसला, तो गुरांचा बाजार झाला. प्रत्येक गावाने आपल्या स्वतःच्या पोरांच्या जिवावर हरावे, यातच न्याय आहे. आमच्या गावाचा या नियमाला मनापासून पाठिंबा आहे, विशेषतः तो नदीपलीकडच्या गावाला लागू होतो तेव्हा.

नियम आला की समिती आली. निवास पडताळणी समितीचे अध्यक्ष होते व्हर्जिल टॅकेट. टॅकेट सरांनी उभा जन्म भूगोल शिकवला. गावातली निम्मी माणसे त्यांच्या हाताखालून गेली होती. त्यांची शिकवायची रीत अशी, की ओढ्याचा नकाशा काढायचा असेल तर आधी सगळ्या वर्गाला ओढ्याकाठी नेऊन बसवायचे. पोरे म्हणायची, "सर, किती वेळ बसायचं?" सर म्हणायचे, "ओढा दिसेपर्यंत. आधी बघा, मग काढा." निवृत्त झाल्यावर त्यांना घरी करमेना आणि ते घरी असले की त्यांच्या पत्नी अर्लीनबाईंना करमेना. तेव्हा दोघांच्या सोयीने त्यांनी अध्यक्षपद स्वीकारले.

समितीचे दुसरे सदस्य होते हार्लन बॉग्ज. यांचे फर्निचरचे मोठे दुकान होते आणि हेच संघाच्या पाठीराख्यांच्या मंडळाचेही अध्यक्ष होते. एकच माणूस खेळाडू आणतो आणि तोच ते तपासतो, यात काहींना विसंगती दिसेल. आम्हाला त्यात अनुभव दिसला. तिसऱ्या सदस्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाई होत्या. त्यांना ऐकायला कमी येत असे, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणाला शंका नव्हती.

आता पडताळणीच्या पद्धतीचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण माणसाच्या प्रगतीचा तो एक नमुना आहे.

पहिल्या वर्षी समिती दात घासायचा ब्रश बघत असे. ब्रश ओला तर मुलगा त्या घरात राहतो, कोरडा तर राहत नाही. सोपी आणि शास्त्रीय रीत होती. महिन्याभरात गावातले सगळे ब्रश ओले झाले. एका घरात न्हाणीघराच्या फळीवर सात ओले ब्रश सापडले आणि घरात राहत होती एक विधवा बाई, तीही कवळीवाली.

दुसऱ्या वर्षी बिछाना बघायचे ठरले. त्या हंगामात बॉग्ज यांच्या दुकानातून पलंगांचा विक्रमी खप झाला. ज्या घरात माणसांना उभे राहायला जागा नव्हती तिथेही नवा पलंग आला, त्यावरचे प्लॅस्टिक तसेच होते. समितीने नोंद केली, 'मुलगा झोपेत फारसा हलत नसावा.'

तिसऱ्या वर्षी टॅकेट सरांना ती कल्पना सुचली. माणूस खोटे बोलतो, ब्रश ओला करता येतो, पलंग आणता येतो. पण आमच्याकडे कुत्र्याशिवाय घर नाही, आणि कुत्र्याला घरचे कोण नि बाहेरचे कोण हे कळते. त्याला फुटबॉलमधले काही कळत नाही, म्हणून तो पूर्ण निःपक्षपाती. मुलाला पडवीच्या पायरीपर्यंत चालत यायला सांगायचे. कुत्र्याने शेपूट हलवली तर मुलगा हद्दीतला. भुंकला तर हद्दीबाहेरचा. पहिली प्रतिक्रिया तीच अंतिम, नंतर कुत्र्याचे मन वळवायला परवानगी नाही. निकाल मिळताच समितीने तिथून निघायचे.

रात्री जेवताना त्यांनी हे अर्लीनबाईंना सांगितले.

"म्हणजे आता कुत्रा सांगणार पोरगं कुठं राहतं ते?" अर्लीनबाई म्हणाल्या.

"कुत्रा खोटं बोलत नाही, अर्लीन."

"नाही बोलत. पण अहो, तो खरं तरी कुठं बोलतो?"

या शेऱ्यात शास्त्रीय दृष्टीचा अभाव असल्याने सरांनी तो मनावर घेतला नाही.

श्वान-कसोटीला अपूर्व यश आले. पाच दांडगी मुले संशयित होती. त्यात मुख्य चेंडूफेक्या ब्रॅक्सटन, ज्याचे आईबाप दोन तासांच्या अंतरावर राहत होते आणि जो स्वतः अधिकृतपणे आमच्या गावातल्या न्हाव्याकडे राहत होता. न्हाव्याच्या पडवीत एक सोनेरी, झुपकेदार शेपटीचा कुत्रा होता. ब्रॅक्सटन दिसताच त्याने शेपूट अशी हलवली की कुंडी पडली. दुसऱ्या घरीही सोनेरी कुत्रा, तिसऱ्या घरीही. पाचही घरी सोनेरी कुत्रा आणि पाचही मुलांवर त्याचे जिवापाड प्रेम. समिती यायच्या आधी बॉग्ज यांचा सोफे पोचवायचा टेम्पो प्रत्येक घरी येऊन जात असे. ("घरच्यांना वर्दी द्यायला," असे बॉग्ज म्हणत.) पाचही कुत्र्यांचा डावा कान जरासा फाटलेला होता. ज्या टॅकेट सरांना नुसत्या वळणावरून ओढा ओळखता येत असे, त्यांनी यावर पुष्कळ विचार केला आणि फाटका कान हा त्या जातीचा विशेष असावा, असे ठरवले. एका घरी मुलाने कुत्र्याला "बिस्किट, बस!" म्हटले, पुढच्या घरीही "बिस्किट, बस!" म्हटले. नाव लोकप्रिय होते.

माणसाला जे बघायचे नसते त्यासाठी तो फार हुशारीने कारणे शोधतो, आणि टॅकेट सर गावातले सर्वांत हुशार गृहस्थ होते.

सगळे सुरळीत चालले असते, पण राज्याच्या क्रीडा मंडळाकडून फोन आला. डन्मोर्स बेंडच्या समितीने आजवर एकालाही हद्दीबाहेर काढलेले नाही, हे कसे? इतके प्रामाणिक गाव राज्यात दुसरे नाही आणि मंडळाला नेमकी तीच काळजी वाटते.

समितीची तातडीची बैठक झाली.

"एक तरी काढायला लागणार," बॉग्ज म्हणाले. "निदान एक. इज्जतीचा प्रश्न आहे, सर."

"जो खरोखर बाहेरचा असेल तो काढू," सर म्हणाले.

"तेच म्हणतोय मी. किकरला काढू."

"ती छोटी? विनी प्रुइट? ती तर तिच्या मावशीआजीकडे राहते ना?"

"असं ती म्हणते!" बॉग्ज म्हणाले. "आई तिची कुठं राहते, सांगा बघू? बोटीवर! आणि हे बघा, किकर गेली म्हणून कुणाचं अडतंय? आधीचा किकर आठवतो ना? चेंडू बँडवाल्याच्या भोंग्यात घातला होता. तरी आपण जगलोच की."

विनीची हकिकत अशी. वय चौदा, हडकुळी, गुडघ्यांवर कायम खरचटलेले. आई मालवाहू बोटीवर स्वयंपाकीण होती. बोट नदीतून कोळसा घेऊन जाई, त्यामुळे आईचा पत्ता तासातासाला बदलत असे आणि हद्दीच्या दृष्टीने ती बाई कुठेच राहत नव्हती. उन्हाळ्यात मावशीआजीचे कंबरेचे हाड मोडले, तेव्हापासून विनी तिच्याकडे राहून तिचे सगळे करत होती. शाळा सुटली की ती चर्चमागच्या मोकळ्या जागेत एकटीच चेंडू मारत बसे. त्या जागेला लागूनच टॅकेट सरांचे परसदार होते, पण त्या वेळी सर गावाचा न्याय करायला बाहेर पडलेले असत, त्यामुळे त्यांनी तिला तिथे कधी पाहिले नव्हते. तिचा चेंडू दोन खांबांमधून असा जाई, जणू कुणी पत्ता विचारून गेला. येत्या शुक्रवारी नदीपलीकडच्या गावाशी सामना होता आणि मागून मागून शेवटी सुट्टी मिळालेली आई त्या दिवशी येणार होती. मुलीला खेळताना तिने अजून एकदाही पाहिले नव्हते.

मंगळवारी दुपारी समिती मावशीआजीच्या घरी पोचली. सोफ्याचा टेम्पो या घरी आला नव्हता.

मावशीआजीचा कुत्रा डीकन म्हातारा होता. तो टपालवाल्यावर भुंके, पावसावर भुंके, रेडिओवरच्या प्रवचनावर भुंके. मावशीआजी न्हाणीघरातून परत आली की तिच्यावरही भुंके. पडवीची तिसरी फळी कुजलेली होती. तिच्यावर सर ठेचकाळले, बॉग्ज यांचा पाय घोट्यापर्यंत आत गेला आणि ऑर्गनवाल्या बाई बॉग्ज यांना धरून वाचल्या. मग तिघांनी स्थानापन्न होऊन विनीला चालत यायला सांगितले.

विनी आली आणि डीकन भुंकला.

"झालं," बॉग्ज म्हणाले.

"अहो, तो माझ्यावर पण भुंकतो!" मावशीआजी आतून ओरडली. "मीच हद्दीबाहेरची का? बावन्न सालापासून घरपट्टी भरतेय मी!"

"मावशी, तुम्ही फुटबॉल खेळत नाही," बॉग्ज म्हणाले. "तुमचा प्रश्नच येत नाही."

विनी फाटकाशी जाऊन उभी राहिली आणि तिने त्यांची वाट अडवली.

"सर, ही कसोटी सगळ्यांना सारखी आहे ना?"

"अर्थातच, बेटा," टॅकेट सर म्हणाले. मुलांना नीट समजावून सांगायची त्यांना मनापासून हौस होती. "सगळ्यांना एकच माप, यालाच न्याय म्हणतात."

"तुम्हालाही?"

चांगला प्रश्न टाळायचा नाही, हे सरांनी आयुष्यभर पाळले होते. "मलाही," ते म्हणाले. बॉग्ज हसले. सगळी वरात सरांच्या घरी निघाली.

सरांच्या पडवीत त्यांची कुत्री मार्बल पसरली होती. सर फाटकातून आत शिरले. हंगामभर पाच पाच घरे हिंडून त्यांच्या कोटाला बिस्किटचा वास, डीकनचा वास आणि पलंगांच्या प्लॅस्टिकचा वास लागलेला होता, आणि संध्याकाळच्या आधी घरी आलेले तर मार्बलने त्यांना कित्येक दिवसांत पाहिले नव्हते. ती ताडकन उठली आणि अशी भुंकली की शेजारचेही बाहेर आले.

आतून अर्लीनबाईंचा आवाज आला, "कोण आहे? आम्हाला काही विकत घ्यायचं नाही!"

"अर्लीन, मी आहे!"

"मी म्हणजे कोण?"

(नातेवाइकांची साक्ष तशीही चालत नाही.)

सर मागे सरले. मार्बल भुंकायची थांबेना, म्हणून विनी पुढे आली आणि म्हणाली, "ए मार्बल! गप की गं!" आणि मार्बल लोळण घेऊन चारी पाय वर करून तिच्यापुढे पडली. तिची शेपूट सुपासारखी हलत होती. हंगामभर कुंपणावरून आलेले विनीचे चेंडू रोज हीच परत नेऊन देत होती.

समितीने पायरीवरच बैठक घेतली. पुरावा स्वच्छ होता आणि त्यातून निघणारे निष्कर्ष टाळता येणार नव्हते. पहिला, कुमारी विनी प्रुइट ही टॅकेट यांच्या घरी राहते. घर हद्दीत आहे. सबब ती पात्र. दुसरा, श्री. टॅकेट हे टॅकेट यांच्या घरी राहत नाहीत. ते कुठे राहतात याचा शोध चालू ठेवावा. तिसरा, समितीने अखेर एका इसमाला हद्दीबाहेर काढले असून तसे राज्य मंडळाला कळवावे. (तो खेळाडूच असावा असे मंडळाने कुठे म्हटले होते?) ऑर्गनवाल्या बाईंना काहीच नीट ऐकू न आल्याने ठराव एकमताने संमत झाला.

सरांना मनातून खूप बरे वाटले. आपला अपमान झाला खरा, पण पोरीचे काम झाले. तिची आई येईल, सामना बघेल, सगळे गोड होईल. त्यांनी स्वतःच्या सहीचा दाखला विनीच्या हातात दिला.

मुलांनो, इथे जरा थांबू. हे ऐकून तुम्हालाही बरे वाटले, हो ना? वाटणारच. पोरगी चांगली आहे, कष्टाळू आहे, तिची आई दूर आहे. ती खेळावी असे कुणालाही वाटेल. मग दाखल्यावर ती कुठे राहते असे लिहिले आहे, हे कोण बघत बसतो? अगदी याच प्रेमळ मनाने आमचे अख्खे गाव बिस्किटला दर शनिवारी आंघोळ घालत होते. या गोष्टीत इतका वेळ तुम्ही गावाला हसत होता. आता गावात तुम्हालाही एक पलंग मिळाला, प्लॅस्टिकसकट.

विनीने दाखला वाचला, मग पुन्हा वाचला.

"सर, मी इथे नाही राहत."

"मला ठाऊक आहे, बेटा. पण यावर तुला खेळता येईल."

"अगं घे ना गुपचूप!" बॉग्ज कळवळून म्हणाले. "कागद घे, चेंडू मार, घरी जा! एवढं डोकं चालवायचं काम किकरचं असतं का?"

"घरी म्हणजे कुठे, मिस्टर बॉग्ज?" विनी म्हणाली. "शुक्रवारी आई येईल. ती विचारेल, विनी, आजीजवळ राहतेस ना गं? मग मी तिला काय सांगू? आजीला रात्री पाणी मी देते की तुमची मार्बल देते?"

बॉग्ज यांनी उत्तरासाठी ऑर्गनवाल्या बाईंकडे पाहिले. त्या प्रसन्नपणे हसल्या.

विनीने दाखल्याची घडी घातली आणि सरांच्या कोटाच्या खिशात परत ठेवली. मग लहान मूल आजोबांना ओढते तशी तिने त्यांची बाही धरली आणि दोन गल्ल्या चालवत मावशीआजीच्या घरी नेले. डीकन भुंकला. सर पुन्हा तिसऱ्या फळीवर ठेचकाळले. तिने आतून स्वयंपाकघरातली खुर्ची आणली, पडवीत मांडली आणि त्यांना बसवले.

"आई तुमच्याच वर्गात होती. ती सांगते, तुम्ही नकाशा काढायच्या आधी सगळ्यांना ओढ्याकाठी बसवायचात," ती म्हणाली. "बसा, सर. शुक्रवारपर्यंत वेळ आहे."

"किती वेळ बसायचं?" टॅकेट सरांनी विचारले. विचारून झाल्यावर त्यांना आपलाच वर्ग आठवला.

उजेड कमी होत चालला होता. आतून मावशीआजीने हाक मारली, "विनी, बीन्स लागतायत गं खाली!" विनी धावत निघाली. डीकन नेहमीप्रमाणे उंबऱ्यात आडवा पसरला होता आणि नेहमीप्रमाणे तिच्यावर भुंकला. तिने खाली न बघता कुजकी फळी ओलांडली, खाली न बघताच कुत्रा ओलांडला आणि आत जाऊन चमचा हातात घेतला.